रस्त्याला पैसे देण्याआधी रस्ता कोणाच्या नावावर आहे ते बघा

बेळगावच्या भोवती कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे, हिंडलगा या पट्ट्यात ज्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घर बांधलं, त्यातल्या पुष्कळांनी रस्त्यासाठी दोनदा पैसे मोजले आहेत. एकदा घरपट्टीतून आणि एकदा वर्गणीतून. पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीतले पंच बसतात, घरटी रक्कम ठरते, दोन-चार ट्रॉल्या मुरूम येऊन पडतो. इथला पाऊस जोरदार. श्रावण सरेपर्यंत त्या मुरमाचा लगदा होऊन तो गटारात गेलेला असतो. पुढच्या वर्षी पुन्हा पंच, पुन्हा वर्गणी.

जगातल्या अनेक शहरांनी हीच रीत कायद्यात बसवली आहे. रस्ता किंवा फूटपाथ सुधारायचा तर काही खर्च नगरपालिका उचलते आणि काही खर्च त्या रस्त्याला लागून ज्यांची घरं-दुकानं आहेत ते मालक उचलतात. आपल्याकडच्या कायद्यांतही याची मुळं आहेत, आणि पैशाची ओढाताण असलेल्या नगरपालिका या वाटेने जास्त जातील असं मला वाटतं. तेव्हा हा व्यवहार कुठे न्यायाचा असतो आणि कुठे फसतो, हे आधीच समजून घेतलेलं बरं. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपला वाटा किती, हा दुसरा प्रश्न. रस्ता कोणाचा, हा पहिला.

कर वेगळा, शुल्क वेगळं, वाटा वेगळा

घरपट्टी हा कर आहे. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला, तो आजही सांगितला जातो. कर सगळ्यांच्या कामासाठी गोळा होतो, त्याच्या बदल्यात अमुक एक सेवा मलाच मिळावी असा हक्क करदात्याला नसतो. शुल्काच्या मागे मात्र ठराविक सेवा असावी लागते. म्हणून ‘मी वेळेवर घरपट्टी भरतो, माझ्या दारात डांबर का नाही?’ हा सवाल रास्त असला तरी केवळ त्याच्या बळावर कोर्टात उभं राहता येत नाही. त्या पैशातून दिवाबत्ती, कचरा, पगार, सगळंच भागवायचं असतं. घरपट्टीच्या चलनावर आरोग्य, ग्रंथालय आणि भिक्षुक असे उपकर वेगळे दाखवलेले दिसतात. ते तरी नेमून दिलेल्या कामासाठी असतात. मूळ कराला तसं बंधन नाही.

मालकांचा वाटा ही तिसरीच गोष्ट. तो एकदाच घ्यायचा, एकाच कामासाठी घ्यायचा, आणि त्या कामामुळे ज्यांच्या मिळकतीची किंमत वाढते त्यांच्याकडूनच घ्यायचा. विचार साधा आहे. सगळ्या गावाच्या पैशातून तुमच्या दारात काँक्रीटचा रस्ता झाला आणि तुमच्या प्लॉटचा भाव चढला, तर त्या चढलेल्या भावातला काही हिस्सा रस्त्याच्या खर्चाला द्या.

ही कल्पना फार जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १६९१ सालीच रस्ते-गटारांचा खर्च लगतच्या मालकांवर बसवण्याचा कायदा झाला होता. आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात ती आली. नगररचना योजनेमुळे प्लॉटची किंमत जेवढी वाढेल, तिच्या जास्तीत जास्त निम्मी रक्कम मालकाकडून घ्यावी, अशी मर्यादा त्यात होती. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे तो कायदा आपल्याला परका नाही. पुढे कर्नाटकाचा १९६१ चा नगर आणि ग्रामरचना कायदा आला. बेळगावचं नगरविकास प्राधिकरण, म्हणजे आपल्या बोलण्यातलं ‘बुडा’, लेआउट मंजूर करताना जे सुधारणा शुल्क लावतं, त्याचा आधार हाच कायदा. तुम्ही मंजूर लेआउटमधला प्लॉट घेतला असेल, तर हे शुल्क विकासकाने भरून तुमच्या प्लॉटच्या किमतीत आधीच मिळवलेलं असतं. पुन्हा ‘रस्त्यासाठी द्या’ असं कोणी म्हणालं, तर ही गोष्ट त्याच्यासमोर ठेवता येते.

लाभाच्या पलीकडे जाऊन वाटा घेता येतो का? याचा जुना दाखला अमेरिकेतला आहे. ओहायो राज्यातल्या नॉरवुड गावाने एका बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला. जमिनीची भरपाई दिली, आणि मग ती भरपाई आणि खटल्याचा खर्च मिळून सगळी रक्कम तिच्याच उरलेल्या जमिनीवर ‘लाभाचा वाटा’ म्हणून बसवली. जमीनही तिचीच गेली आणि पैसेही तिनेच द्यायचे. १८९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अडवलं. प्रत्यक्ष लाभापेक्षा बरीच जास्त रक्कम घेणं म्हणजे भरपाई न देता मालमत्ता काढून घेणं, असं न्यायालय म्हणालं. शंभरहून जास्त वर्षं झाली, पण यापेक्षा नेमकी कसोटी मला कुठे दिसलेली नाही.

फूटपाथचा अनुभव

अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत घरासमोरचा फूटपाथ दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. शिकागोत वाटून खर्च करण्याची योजना आहे. मालक अर्ज करतो, काम पालिका करून घेते आणि खर्चातला ठराविक भाग मालक भरतो. कागदावर हे छान दिसतं. पण अर्ज ज्याच्याकडे पैसे आहेत तोच करतो. एका घरासमोर नवा फूटपाथ, पुढच्या दोन घरांसमोर उखडलेल्या फरश्या, मग पुन्हा नवा. चालणाऱ्याला असा तुटक फूटपाथ कामाचा नसतो. काठी टेकत जाणारी म्हातारी माणसं शेवटी रस्त्यावरच उतरतात.

लॉस एंजेलिसने १९७० च्या दशकात झाडांच्या मुळांनी उखडलेल्या फूटपाथांची दुरुस्ती स्वतःकडे घेतली, कारण केंद्राकडून पैसा येत होता. पैसा आटला तशी दुरुस्तीही थांबली. शेवटी अपंग नागरिकांनी दावा लावला आणि २०१६ मध्ये शहराला ३० वर्षांत सुमारे १.४ अब्ज डॉलर फूटपाथांवर खर्च करण्याची तडजोड मान्य करावी लागली. डेन्व्हरमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांनीच मतदानाने ठरवलं की ज्याच्या घरासमोर फुटलं त्यानेच दुरुस्त करायचं ही पद्धत बंद करायची आणि सगळ्या मालकांनी दरवर्षी थोडं शुल्क द्यायचं. ते शुल्क आधी घराच्या दर्शनी लांबीवर बसवलं होतं. कोपऱ्यावरच्या घरमालकांना भलतेच आकडे येऊ लागले, तेव्हा ते बदलून बहुतेक घरांना वर्षाला १५० डॉलर असं सरसकट केलं.

मला यातून एवढं कळतं की फूटपाथ आणि गल्लीतला रस्ता यांना एकच नियम लावू नये. गल्लीतला रस्ता मुख्यतः गल्लीतलेच वापरतात. तिथे वाटा मागण्यात अर्थ आहे. गणपत गल्ली, खडेबाजार किंवा काँग्रेस रोडचा फूटपाथ अख्ख्या तालुक्यातून आलेली माणसं वापरतात. तिथे लगतच्या दुकानदाराकडून पैसे घेतले, तर उद्या तो ‘फूटपाथ माझ्या पैशाचा’ म्हणून त्यावर माल मांडेल आणि त्याला उठवणं अवघड होईल. मोकळा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. असा हक्क दुकानदाराच्या ऐपतीवर टांगून ठेवता येणार नाही. बाजारपेठेतला फूटपाथ सार्वजनिक पैशातूनच व्हावा, यावर माझं मत ठाम आहे.

आता आपली गल्ली

बेळगावात रस्ता नक्की कोणाचा हे ओळखणं दिसतं तितकं सोपं नाही. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्या सिटी सर्व्हेच्या नकाशावर सार्वजनिक रस्ता म्हणून दाखवलेल्या असतात. त्यांची देखभाल महापालिकेनेच करायची. तिथे वर्गणी काढून पेव्हर बसवणारी मंडळं मनाने चांगली असतात, पण महापालिकेचं काम आपल्या पैशाने करून देत असतात.

मंजूर लेआउटमध्ये रस्ता, गटार, वीज आणि पाणी विकासकाने करून द्यायचं आणि रस्ते व बागेची जागा स्थानिक संस्थेच्या ताब्यात द्यायची, असा नियम आहे. गोम अशी की विकासक प्लॉट विकून मोकळा होतो आणि हस्तांतर होतच नाही. मग महापालिका म्हणते, ‘रस्ता आमच्याकडे आलेला नाही.’ विकासक फोन उचलत नाही. अशा वेळी मालकांकडून वाटा मागितला गेला तर सरळ विचारा: लेआउट कोणत्या अटींवर मंजूर झाला आणि त्या अटी पुऱ्या झाल्याची खात्री कोणी केली? मंजुरीचा आदेश आणि नकाशा माहिती अधिकारात मिळतो. अर्जाची फी १० रुपये.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त. शेतकऱ्याने शेताचे गुंठे पाडून विकले. लेआउट मंजूर नाही. खरेदीपत्रातल्या चतुःसीमेत ‘पूर्वेस २० फुटी रस्ता’ असं लिहिलेलं असतं, पण उताऱ्यावर ती २० फुटांची पट्टी अजून मूळ शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या नावावर असते. लोक तिथे मुरूम टाकतात, गटार काढतात, एखाद्या वर्षी आमदार फंडातून काँक्रीटही होतं. पुढे वारसांत वाटणी झाली की कोणीतरी दगड आणून रस्त्यात टाकतो. तेव्हा कळतं की पैसे आपण दुसऱ्याच्या जमिनीत घातले.

सरकारी यंत्रणेलाही ही ठेच लागते. शहापुरातल्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी. बी. रोडकडे जाणाऱ्या रस्त्याचं उदाहरण बेळगावकरांच्या डोळ्यांसमोरचं आहे. रीतसर भूसंपादन न करता खासगी जागेतून रस्ता झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये जागा मालकाला परत देण्याची वेळ आली. सार्वजनिक पैशातून झालेला रस्ता सोडून द्यावा लागला. महापालिकेची ही गत, तर वर्गणीच्या रस्त्याला कोण वाचवणार?

या अडचणीवर कायद्यात वाट आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. कर्नाटक महापालिका कायदा, १९७६ मध्ये खासगी रस्त्यांसाठी वेगळी कलमं आहेत. खासगी रस्ता नीट सपाट केलेला नसेल, खडी-फरशी नसेल, गटार नसेल, दिवे नसतील, तर आयुक्त रस्त्यालगतच्या मालकांना ते करून घेण्याची नोटीस देऊ शकतात. त्यांनी केलं नाही तर महापालिका स्वतः करून खर्च वसूल करू शकते. आणि असा नीट झालेला रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करून घेण्याचीही तरतूद आहे. यातला शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मालकांनी एकदा वाटा द्यावा आणि त्या बदल्यात रस्ता कायमचा महापालिकेच्या नावावर जावा, म्हणजे पुढची डागडुजी, दिवे, झाडलोट ही महापालिकेची जबाबदारी. नुसता मुरूम विकत घेण्यापेक्षा हा सौदा कितीतरी चांगला. पण त्यासाठी आधी मूळ मालकाकडून रस्त्याची जमीन रीतसर लिहून घ्यावी लागते. गल्लीतल्या पंचांनी पहिला जोर तिथे लावावा. शेतकरी हयात आहे, संबंध चांगले आहेत, तोवर हे काम एका बैठकीत होतं. वारस चार गावांत पांगले की होत नाही.

वाटा कसा मोजायचा

समजा गल्लीची लांबी १०० मीटर आहे. दोन्ही बाजू मिळून दर्शनी लांबी २०० मीटर. काम ८ लाखांचं, निम्मे पैसे मालकांचे, म्हणजे ४ लाख. दर्शनी मीटरला २,००० रुपये पडले. पाच मीटर तोंडाच्या घराला १०,०००, बारा मीटरच्या बंगल्याला २४,०००.

हाच खर्च क्षेत्रफळावर वाटला तर चित्र पालटतं. आपल्या जुन्या गल्ल्यांतली घरं तोंडाला अरुंद आणि मागे लांबच लांब असतात. रस्त्यावर पाच मीटर, आत परड्यापर्यंत तीस-पस्तीस मीटर. क्षेत्रफळाने मोजलं तर अशा घराला रुंद पण आखूड प्लॉटपेक्षा जास्त भुर्दंड पडतो, आणि अशा घरात बहुधा भावाभावांचे तीन संसार असतात. सरसकट घरटी सारखी रक्कम घेतली तर बंगलेवाला सुटतो. प्रत्येक पद्धतीत कोणीतरी जास्त भरतो, म्हणून कोणती पद्धत घ्यायची ते अंदाजपत्रक येण्याआधी ठरवावं. आकडा कळल्यावर प्रत्येक जण आपल्या सोयीची पद्धत धरून बसतो.

कोपऱ्याच्या घराचं वेगळं ठरवा. त्याला दोन रस्ते लागतात म्हणून दोन्हींचा पूर्ण वाटा लावणं बरं नाही. लांब बाजूला सूट द्यावी. देऊळ, शाळा, सरकारी जागा वाटा देणार नसतील, तर त्यांची लांबी बाकीच्यांच्या माथी मारू नये. ती पालिकेच्या हिश्श्यात जावी.

रक्कम एकरकमी मागू नये. अमेरिकेत असा वाटा दहा-पंधरा वर्षांच्या हप्त्यांत फेडता येतो, आणि मिनेसोटा राज्यात ६५ वर्षांवरच्या अडचणीतल्या मालकाला तो पुढे ढकलण्याची सवलत मिळू शकते. पेन्शन नसलेली विधवा बाई गल्लीत असेल, तर तिला वगळून तिचा वाटा आपापसांत वाटून घेणाऱ्या गल्ल्या आपल्याकडेही आहेत. नियमात तशी सोय लिहिली, तर तिला कोणाचे उपकार मानावे लागणार नाहीत. थकबाकी व्यक्तीवर राहत नाही, मिळकतीवर बसते, हेही ध्यानात घ्या. घर विकत घेणाऱ्याने घरपट्टीच्या पावतीबरोबर या वाट्याचीही चौकशी करावी.

पैसे दिले, आता काम बघा

मालकाने वाटा दिला की त्याला कामाकडे बघायचा अधिकार जास्त हक्काने वापरता येतो. सगळ्यात आधी विचारायचं ते जमिनीखालचं. बेळगावात २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना चालू झाली आणि आता ती शहरभर न्यायची म्हणून जलवाहिन्या घातल्या जात आहेत. नवा रस्ता झाल्यावर महिन्याभरात पाइपसाठी खोदाई झाली, तर तुमचे पैसे चरात गेले. पाणी, ड्रेनेज, हेस्कॉमची (वीज कंपनीची) केबल, या तिन्हींचं काम पुरं झाल्याचं लेखी घेतल्याशिवाय वरचा थर टाकू देऊ नका.

दुसरं, उंची. जुन्या थरावर नवा थर चढवत गेल्याने आपल्या कितीतरी गल्ल्यांत रस्ता उंबऱ्याच्या वर गेला आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की पाणी सोप्यात शिरतं. बेल्लारी नाल्याच्या बाजूच्या वस्त्यांना हे सांगायला नको. जुना थर खरवडून काढणं अंदाजपत्रकात आहे का बघा. नसेल तर आधी घालून घ्या. नंतर घराचं जोतं वाढवण्याचा खर्च रस्त्याच्या वाट्याच्या कितीतरी पट होतो.

फूटपाथ असेल तर वस्तीच्या भागात चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं २०१२ चं मानक सांगतं. हात-हात उंचीचे फूटपाथ पाण्यापासून घर वाचवतात असं लोकांना वाटतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावर चढताच येत नाही.

कामाची मोजमाप वही, म्हणजे ठेकेदाराचं बिल ज्यावरून निघतं ती एम. बी., माहिती अधिकारात बघायला मिळते. त्याच कायद्याने कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. काँक्रीटचा थर कागदावर सहा इंच आणि प्रत्यक्षात चार असेल, तर ते तिथे उघडं पडतं. हे बिल निघण्याआधी करायचं.

पैसे नेहमी चलनाने, पालिकेच्या खात्यात भरा आणि पावतीवर कामाचं नाव, गल्लीचं नाव, वाट्याची रक्कम लिहून घ्या. ठेकेदाराच्या माणसाच्या हातात रोख दिलेल्या वर्गणीला कायद्याने काहीच किंमत नाही. उद्या पालिकेने खर्च वसुलीची नोटीस काढली तर ती वजा होणार नाही. काम अंदाजापेक्षा स्वस्तात झालं तर उरलेला हिस्सा मालकांना परत जाणार की पुढच्या कामात वळवणार, हेही ठरावातच असावं. नोटीस बहुधा कन्नडमधून येते. हरकतीची मुदत तिच्यावरच छापलेली असते, म्हणून ती घडी करून फडताळात ठेवू नका, त्याच दिवशी जाणत्याकडून वाचून घ्या. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

अर्ज कुठे करायचा ते तुमचं घर कोणाच्या हद्दीत आहे त्यावर ठरतं. बेळगाव शहरात महापालिका, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड. निपाणीत नगरपालिका आणि खानापुरात पट्टण पंचायत, या दोन्हींना १९६४ चा नगरपालिका कायदा लागू होतो. हिंडलगा किंवा कंग्राळीसारख्या गावात ग्रामपंचायत, तिथे १९९३ चा पंचायत राज कायदा. हद्दीवरच्या गल्लीत अर्धी घरं इकडे आणि अर्धी तिकडे असतील, तर दोन्हीकडे एकाच मजकुराचा अर्ज द्या आणि सोबत रस्त्याच्या जमिनीचा उतारा आणि तुमच्या खरेदीपत्रातलं चतुःसीमेचं पान जोडा.